वेळेआधीची गाडी

प्रेमानंदने तिपाईचा तिसरा पाय जुन्या लुगड्याच्या काठावर टेकवला आणि जिन्याच्या तोंडातून लगेच आवाज आला.

"तिथं नोका ठेवू. कुरडया हायेत त्याच्यावर."

"काठावर ठेवला. कुरडईले धक्का नाही."

"काठ ओढला की सगळंच ओढल्या जाते," अन्नपूर्णा म्हणाली. ती दोन पायऱ्या खालीच उभी होती. कपाळावर पीठ लागलेलं, हातात रिकामं सूप. "एवढी मोठी गच्ची पडली हाये. माह्याच लुगड्यावर काऊन?"

गच्ची मोठी होती हे खरं, पण टाकीने एक बाजू खाल्ली होती, शेजारच्या कडुनिंबाने दुसरी. नैर्ऋत्येचं आभाळ हवं तेवढं इथूनच दिसायचं. हे त्याने तिला पूर्वीही सांगितलं होतं. आज पुन्हा सांगत बसायची त्याची तयारी नव्हती. त्याने पाय तिथेच ठेवला, स्क्रू आवळला आणि कॅमेऱ्यावरचं टोपलं उचललं.

कॅमेरा म्हणजे मुठीत मावेल एवढी काळी डबी. रात्रीच्या पहाऱ्याला लावतात तसली, अंधारातही बघणारी. तिच्या तोंडाशी जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याचं जाड भिंग बसवलेलं होतं. मागून निघालेली वायर भाजीच्या प्लास्टिक कॅरेटवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये जात होती. आभाळाचा ताटलीएवढा तुकडा त्यात दिसे आणि त्या तुकड्यातून एखादा उपग्रह सरकत गेला की त्याचा ठिपका कुठल्या ताऱ्याजवळून, कुठल्या क्षणाला गेला हे नंतर सावकाश मोजता येई. जगात असं करणारी बरीच माणसं आहेत, आपापल्या गच्चीवर, आपापल्या बायकांची बोलणी खात. वडनेर भोलजीत मात्र हा एकटाच.

निवृत्त होईपर्यंत तो नांदुऱ्याच्या स्टँडवर एसटीचा वाहतूक नियंत्रक होता. गाव त्याला अजून कंट्रोलरच म्हणतं. उपग्रहांना तो गाड्याच म्हणायचा. ठिपका चौकटीत शिरला की जन्माची सवय सुटत नसल्यासारखा मोठ्याने पुकारायचा, "आली... लागली... गेली." कॅमेऱ्याला माइक होता, त्यामुळे हे पुकारणं चित्राबरोबर रेकॉर्ड होई. वेळेचे आकडे चित्रावर आपोआप उमटतच, पुकारायची काही गरज नव्हती. पण गाडी आली आणि कुणी काही बोललंच नाही, हे त्याला बरं वाटत नसे.

इतर गाड्या हा त्याचा सराव. त्याची खरी गाडी एकच होती, आणि ती आज शेवटची यायची होती.

ती समताची गाडी. समता त्यांची एकुलती एक मुलगी, पुण्याला इंजिनिअरिंगला होती. कॉलेजातल्या पोरांनी मिळून एक उपग्रह बनवला, तेलाच्या डब्याएवढा. त्याची अँटेना करायची म्हणून समता उन्हाळ्याच्या सुटीत घरातली पत्र्याची टेप घेऊन गेली होती. स्टीलची पिवळी टेप, बटण सोडलं की सर्रकन आत जाणारी. हे घर बांधताना त्याच टेपेने पाया आखला होता. घडी घातली तरी आपोआप सरळ होते, म्हणून अशीच पट्टी लागते, असं समता सांगत होती. अन्नपूर्णेने काही ऐकून घेतलं नव्हतं. मागच्या खोलीचं काम अर्धं होतं, मिस्त्री दुसऱ्या दिवशी येणार होता. "घरातली वस्तू उचलून आभायात पाठवतात काय वं? बजारात टेपा मेल्या काय?" असं ती बसस्टॉपपर्यंत बोलत गेली होती. समता हसत होती. बसच्या खिडकीतून म्हणाली होती, "आई, तुले वरून माप घेऊन दाखवतो."

पावसाळ्यात तिला ताप आला. साधा वाटला आणि साधा नव्हता. ती गेली त्यानंतर चार-पाच महिन्यांनी तिचा उपग्रह वर गेला. काही आठवडे बोलला आणि मग गप्प झाला. बाकी पोरं नोकरीधंद्याला लागली. तिच्याबरोबर काम करणारा ऋत्विक तिची ट्रंक घेऊन घरी आला, तेव्हा ट्रंकेत कपड्यांच्या खाली हा कॅमेरा आणि भिंग निघालं. "काका, उपग्रह बंद पडला तरी ऊन पडलं की चमकतो," ऋत्विक म्हणाला होता. "तिला तो इथून, तुमच्या गच्चीवरून काकूंना दाखवायचा होता. म्हणून जुन्यात घेतला होता कॅमेरा."

त्याला तीन वर्षं झाली. प्रेमानंद शिकला, चुकला, पुन्हा शिकला. गाडी त्याने शेकडो वेळा धरली. काकूंनी मात्र एकदाही पाहिली नाही.

ती गच्चीवर येई ती वाळवणापुरती. कॅमेऱ्याकडे तिची पाठ असे. समताचं नाव घरात ती घेत नसे. पूर्वी नवऱ्याला 'समताचे बाबा' अशी हाक मारायची, ती हाकही तिने टाकून दिली होती. आता नुसतं 'ऐकलं का'. ते ऐकताना प्रेमानंदला रोज थोडं कमी झाल्यासारखं वाटे. पण तसं बोलून दाखवायची सोय नव्हती.

"आज येतं काय वर?" त्याने विचारलं. "सात चाळीसले. पाच मिनिटाचं काम हाये."

"मले चुलीवरचं पाहाचं हाये."

"शेवटची हाये वं. ऋत्विकचा फोन आला होता दुपारी. उद्यापर्यंत जळून जाईल म्हणते. पुन्हा नाही दिसणार."

अन्नपूर्णेने सुपातली नसलेली धूळ झटकली.

"लोखंडात काय पाहाचं," ती म्हणाली, आणि खाली गेली.

सूर्य मावळला होता, हायवेवरचे ट्रक दिवे लावून निघाले होते. आजचा दिवस गेला की तिला दाखवायला काहीच उरणार नव्हतं. पोरीचं एवढं एक काम आपल्याच्याने झालं नाही, असं त्याला वाटलं. मग त्याने लॅपटॉप उघडला. कुणाला वाईट वाटलं म्हणून गाडी थांबत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

लॅपटॉपवर नुसता पांढुरका उजेड आला. तारा एक नाही. शेजारच्या भगवानरावांच्या घरी डिंपलच्या लग्नाचा मांडव पडला होता. आज हळद. अंगणभर माळा, गेटवर दोन हॅलोजन, आणि त्यातला एक नेमका गच्चीवर तोंड करून. एरवी भगवानराव न सांगता अंगणातला दिवा मालवायचे. "कंट्रोलरसाहेब, तुमची गाडी गेली की आवाज द्या," म्हणायचे. पण हळदीच्या घरी जाऊन अंधार करा म्हणायचं म्हणजे काय? तेही लेक गेलेल्या बापाने? चार बाया काय म्हणतील ते त्याला न जाताच ऐकू आलं.

फोन वाजला. ऋत्विक होता.

"काका, तयारी झाली ना? एक लक्षात ठेवा. ती आता फार खाली आलीय. खाली आली की वेग वाढतो. दिलेल्या वेळेच्या आधी येईल."

"किती आधी?"

"सांगता येत नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. जास्तही असेल. तुम्ही आत्तापासूनच रेकॉर्डिंग लावून ठेवा."

प्रेमानंदने रेकॉर्डिंग लावलं. पण 'आधी' हा शब्द त्याच्या मनात काही केल्या बसेना. सगळ्या नोकरीत त्याने उशिरा येणाऱ्या गाड्या पाहिल्या होत्या. पंक्चर, पाऊस, रेल्वेचं फाटक, ड्रायव्हरचं जेवण. उशिराला शंभर कारणं असतात. वेळेआधी सुटणारी गाडी मात्र त्याने कधी खपवून घेतली नव्हती, त्यासाठी ड्रायव्हर-कंडक्टरांचे मेमो काढले होते. दोन मिनिटं तर दोन मिनिटं, त्याने मनाशी धरलं. फार तर पाच. तेवढ्यात खाली जाऊन येऊ. तो झपाट्याने जिना उतरला. चुलीपाशी अन्नपूर्णा पाठमोरी बसली होती. तिला काही न सांगता तो बाहेर पडला.

मांडवात गर्दी होती. गाणी लावलेली, पोरं नाचत होती, हळदीचा वास. भगवानराव धावत पुढे आले.

"या, या कंट्रोलरसाहेब. वहिनी कोठी हायेत?"

"येते ती. भगवानराव, एक काम होतं..." त्याने इकडेतिकडे पाहिलं. आवाज आपोआप खाली गेला. "तो गेटवरचा लाइट. पाच मिनिटं. आज शेवटची हाये समताची गाडी. नसन जमत तर राहू द्या. माह्यं काही म्हणणं नाही."

भगवानरावांचा चेहरा पडला. माणूस नाही म्हणणारा नव्हता, पण मागे त्यांची मोठी बहीण सुभद्राबाई उभी होती आणि तिने ऐकलं होतं.

"हळदीच्या घरी अंधार करतात काय बापू?" ती म्हणाली. "कायचं शुभ, कायचं अशुभ, काही हाये की नाही?"

"नाही नाही, बरोबर हाये आत्याबाई," प्रेमानंद घाईने म्हणाला. "मी आपलं सहज..." आणि तो माघारी वळला.

"काका!"

पाटावरून डिंपल उठली होती. तोंड, हात, मान, सगळी पिवळी. बाया तिला 'बस वं, बस' करत होत्या. ती आणि समता बालवाडीपासून एका बाकावर होत्या.

"समताची गाडी काय? ज्याच्यात तुमच्या घरची टेप हाये, ते?"

"हाव."

"मंग एक लाइट काऊन? सगळेच बंद करा." ती मांडवाकडे वळून ओरडली, "ए, मेन स्विच पाडा रे! गाणं बी बंद करा."

"डिंपल, हळद लागलेली हाये तुले," सुभद्राबाई म्हणाली.

"समता असती तर तिनंच लावली असती पहिली," डिंपल म्हणाली. मग सुभद्राबाईही बाजूला झाली.

खटका पडला. मांडव, अंगण, गल्ली, सगळं एकदम काळं झालं. गाणं मधेच तुटलं. एवढी माणसं आणि एवढी शांतता, की हायवेवरच्या ट्रकचे टायर ऐकू आले. कुणाचं तरी लेकरू रडलं, त्याच्या आईने त्याला पोटाशी घेतलं.

प्रेमानंद गच्चीकडे निघाला तशी डिंपलने त्याचा हात धरला. हळदीचा ओला हात.

"काका, कुठून येते ते दाखवा ना. आम्ही बी पाहातो."

त्याच्या हिशेबाने पाच मिनिटं अजून होती. जिने आपल्यासाठी हळदीचं घर अंधारात ठेवलं, तिला हात झटकून कसं जायचं? त्याने तिला मांडवाच्या कडेला आणलं, जिथून टॉवर दिसत होता, आणि नैर्ऋत्येकडे बोट केलं. तिच्या मागे बाया आल्या, पोरं आली, भगवानराव आले. सगळे त्याच्या बोटाकडे बघत होते.

"त्या टॉवरच्या डाव्या बाजूनं वर चढन. बारीक राह्यते. डोळ्याले दिसन नाही दिसन, पण कधी कधी ऊन पडलं की चमकते एकदम. अजून यायची हाये. वेळ हाये."

सगळी हळद तिकडे तोंड करून उभी राहिली. त्यांच्या डोक्यावर मांडवाचं कापड होतं, वरचं आभाळ झाकलेलं.

मग तो पळाला. जिना चढताना चप्पल निसटली, ती त्याने तिथेच सोडली. वर पोचला तेव्हा अन्नपूर्णा लुगडं गोळा करत होती. सगळ्या कुरडया सुपात भरून झाल्या होत्या, आणि तिपाईच्या पायाखालचा काठ तिने काढून घेतला होता.

"आली नाही ना अजून?" त्याने धापा टाकत विचारलं.

"कोण?" ती म्हणाली. "मी कुरडया काढून राह्यली."

"तिपाई हलवली काय?"

"पाय उचलून काठ काढला. मंग जागच्या जागी ठेवला."

आज तरी हात लावायचा नव्हता, असं काहीतरी त्याच्या तोंडावर आलं होतं. ते त्याने गिळलं. लॅपटॉपवर आता तारे स्वच्छ दिसत होते. चौकट थोडी सरकली होती, पण फार नाही. तो मांडी घालून बसला. ती सूप डोक्यावर घेऊन खाली गेली.

वेळ झाली. वेळ होऊन गेली. चौकटीतून एक वटवाघूळ गेलं. नंतर कुठलीशी भलतीच गाडी गेली, उत्तरेकडे, मोठी आणि मंद. तिला त्याने पुकारलं नाही. खालून भगवानरावांची हाक आली, "काय झालं हो कंट्रोलरसाहेब?"

"लावा लाइट," तो म्हणाला. "गेली वाटते."

मांडव पुन्हा झगमगला. गाणं तुटलं होतं तिथूनच सुरू झालं. लॅपटॉपचा पडदा पांढरा झाला. प्रेमानंद तसाच बसून राहिला. नियंत्रकाच्या खिडकीशी बसून आयुष्य काढलं आणि स्वतःची गाडी चुकली. चुकली तर चुकली, पण लोकांना रिकाम्या आभाळाकडे तोंड करून उभं केलं. त्याला हसू आलं आणि लगेच रडू आलं. शेजारच्या गाण्यामुळे दोन्ही कुणाला ऐकू गेलं नसतं.

मग त्याला आठवलं की रेकॉर्डिंग चालू होतं. त्याने ते बंद केलं, मागे नेलं आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन कान जवळ लावला.

आधी नुसता पांढुरका उजेड आणि गाणं. मग खटका पडला आणि तारे उगवले, एकदम सगळे. पाठोपाठ अन्नपूर्णेची पावलं. तारे जागच्या जागी उड्या मारायला लागले. ती काठ ओढत होती. "याचा पाय, त्याचा पाय," ती पुटपुटत होती. तारे पुन्हा स्थिर झाले.

आणि खालच्या कडेने ठिपका शिरला.

प्रेमानंद आकडे न बघताच ओळखू शकला असता. तीन वर्षं ओळखत होता. पण आज ती कधी नव्हे एवढी जोरात चालली होती आणि चालता चालता उजळत होती. मधल्या ताऱ्यांशी आली तेव्हा तर तिने साऱ्या ताऱ्यांना मागे टाकलं. एवढी तर नुसत्या डोळ्यालाही दिसली असती. "आली," त्याचे ओठ हलले. आणि तेवढ्यात चौकट काळी झाली. पदराची अंधुक कड, खांदा, वर केलेली हनुवटी. भिंगाच्या आणि आभाळाच्या मधे अन्नपूर्णा उभी राहिली होती.

काळ्या चित्रातून आवाज आला.

"अवो माय."

मग बांगड्या वाजल्या.

"आली काय वं?" आवाज अगदी हळू होता, दारात उभ्या असलेल्या माणसाशी बोलावं तसा. "लवकरच आली आज."

कुठेतरी कुत्रं भुंकलं.

"थांब. थांब जराशीक. बाबा खाली गेले तुहे. त्यायले येऊ दे, लय वाट पाह्यली त्यायनं."

प्रेमानंदने लॅपटॉप घट्ट धरला होता. आता जी गोष्ट होऊन गेली होती, तीच जणू अजून अडवता येईल असं त्याला वाटत होतं.

"नाही थांबत? बरं, जाय." आवाज मधेच घोगरा झाला, मग पुन्हा सरळ. "समता, ते टेप असू दे तुह्यापाशीच. मी काही म्हणत नाही."

नाक ओढल्याचा आवाज. पदर हलला, काळोख बाजूला झाला आणि तारे परत आले, रिकामे. सुपात कुरडया पडत राहिल्या, भराभर, बऱ्याच वेळ. मग जिन्यावर धावती पावलं, एक चप्पल निसटल्याचा आवाज, आणि त्याचा स्वतःचाच धापा टाकणारा आवाज: "आली नाही ना अजून?"

त्याने तिथेच थांबवलं.

खाली चुलीवर काहीतरी चुरचुरलं. भांडं उतरवल्याचा आवाज आला. पेटी उघडली, बंद झाली. हळदीला जायचं म्हणून ती लुगडं बदलत असावी. मग ती जिन्याच्या पायथ्याशी आली.

"समताचे बाबा," तिने हाक मारली. "चला, डिंपलले हळद लावून येऊ. पोरगी वाट पाहून राह्यली असन."

तो ओ द्यायला उठला होता. पण उठता उठता थांबला. एवढ्या लवकर ओ दिली तर ती पुन्हा हाक मारणार नाही, म्हणून तो अंधारात तसाच उभा राहिला.

"समताचे बाबा," ती पुन्हा म्हणाली, जरा मोठ्याने. "ऐकू येते काय?"